हेंक आता कुठे आहे?

जहाज स्टॅव्हेंजर या नॉर्वेजियन बंदराच्या धक्क्याला लागलं तेव्हा श्रीहर्ष टिपणीस वरच्या मजल्यावरच्या भोजनकक्षात चौथं उकडलेलं अंडं सोलत होता आणि समोरच्या लोकांकडे बघून मान हलवत होता. त्या लोकांचा गुन्हा एवढाच होता की त्यांनी छातीवर नंबराचे गोल स्टिकर लावले होते. नंबर सात, नंबर बारा, नंबर एकवीस. थोड्या वेळाने प्रत्येक नंबराची एक बस येणार होती आणि प्रत्येक बसमध्ये काठीला झेंडा लावलेली एक गाइड असणार होती.

"बघा बाबा," श्रीहर्ष सासऱ्यांना म्हणाला. "एरवी हीच माणसं ऑफिसात चाळीस जणांवर हुकूम सोडतात. आणि इथे बघा, बालवाडीसारखी रांगेत उभी. गाव केवढं? या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत अर्धा तास. त्याला बस! त्याला गाइड! आपल्याला गरज नाही."

वासुदेवराव कराडच्या एका शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झालेले. तीन महिन्यांसाठी ते आणि कुमुदिनीबाई लेक मंजूषाकडे उइटहॉर्न या डच गावी आले होते. जावयाचं बोलणं ते शाळा तपासायला आलेल्या साहेबाचं बोलणं ऐकावं तसं ऐकत, म्हणजे मान हलवत आणि मनात दुसरंच काहीतरी धरून. प्रवासात ते एक वही बाळगत आणि पाहिलेलं सगळं तिच्यात लिहून ठेवत.

"मी सगळं प्लॅन केलंय," श्रीहर्ष म्हणाला. "अकरा ठिकाणं. प्रत्येकी किती मिनिटं तेही लिहिलंय. साडेतीनला आपण परत जहाजावर."

"आईच्या गुडघ्यांना किती मिनिटं ठेवलीयेत?" मंजूषाने विचारलं. श्रीहर्षने पाचवं अंडं घेतलं.

धक्क्याला लागूनच जुनं गाव होतं. पांढऱ्या लाकडी घरांच्या चढत्या गल्ल्या, दगडी फरसबंदी, दारोदारी फुलांच्या कुंड्या. श्रीहर्षने पुढे होऊन फोन काढला आणि तिथेच पहिला घोटाळा झाला. समुद्रात भलतं बिल येऊ नये म्हणून त्याने दोन दिवसांपूर्वी फोन विमान-मोडवर टाकला होता आणि ते तो साफ विसरला होता. नकाशा उघडेना. श्रीहर्षने फोन आकाशाकडे धरला, खाली धरला, मग शेजारच्या भिंतीला टेकवला.

"या देशात नेटवर्कच नाही," त्याने जाहीर केलं. "नुसतं तेल विकतात. बाकी बोंब."

"माझ्या फोनला येतंय की," मंजूषा म्हणाली.

"तुझा फोन जुना आहे. जुन्या फोनना येतं."

लग्नाच्या अकरा वर्षांत मंजूषाकडे अशी बरीच वाक्यं साठली होती. तिने फोन पर्समध्ये टाकला आणि नवऱ्याच्या मागून चालू लागली. अर्धा तास झाला. बारीक पाऊस सुरू झाला. घरं पांढरीच होती, कुंड्या लालच होत्या. मग एका वळणावर वासुदेवराव थांबले.

"जावईबापू, ही मांजर आपण तिसऱ्यांदा बघतोय."

"वेगळी असेल, बाबा."

"तिचा एक कान तुटलाय. तिन्ही वेळा डावाच होता."

कुमुदिनीबाई एका पायरीवर बसल्या आणि आता कोणी कितीही मिनिटं लिहून आणली असली तरी त्या उठणार नाहीत हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. श्रीहर्षची अकरा ठिकाणं अशी पहिल्याच ठिकाणी संपली असती. पण तेवढ्यात खालच्या गल्लीतून डच बोलण्याचा आवाज आला. दहाबारा उंच, पांढऱ्या केसांची माणसं एका घरासमोर अर्धवर्तुळात उभी होती. मध्ये गुलाबी छत्री घेतलेली एक सत्तरीची बाई घराच्या वरच्या खिडकीकडे बोट दाखवून काहीतरी सांगत होती. ही मंडळी जहाजावरच दिसली होती. छातीवर स्टिकर मात्र कोणाच्याच नव्हता.

"झालं काम," श्रीहर्ष म्हणाला. "ही खास डच लोकांची हेरिटेज वॉक आहे. टुरिस्टांना सांगत नाहीत असल्या गोष्टी. चला, मागे उभे राहू. मी भाषांतर करतो."

"सकाळी तर म्हणत होतास गाइडची गरज नाही."

"इंग्रजी गाइडची," श्रीहर्ष म्हणाला.

"अरे, निदान त्यांना विचारूया तरी. खासगी काही असेल."

"मंजूषा, मी परीक्षा पास झालोय."

परीक्षा म्हणजे डच भाषेची. ती पास झाल्यावर श्रीहर्षने निकालाचा फोटो सगळ्यांना दिसेल असा इंटरनेटवर टाकला होता. तेव्हापासून तो स्लोटरडाइकच्या ऑफिसात आणि उइटहॉर्नच्या दुकानांत डचमध्ये बोले, लोक त्याला इंग्रजीत उत्तर देत, आणि त्या लोकांची त्याला दया येई. मंजूषा गावातल्या पाळणाघरात काम करायची. दिवसाचे आठ तास ती डच पोरांशी आणि त्यांच्या घाईतल्या आईबापांशी डचमध्येच बोले. पण तिने परीक्षा दिली नव्हती. त्यामुळे तिच्या डचला श्रीहर्ष 'नाक पूस, बूट घाल' एवढ्यापुरतंच डच म्हणत असे, तेही पाहुण्यांसमोर.

ते चौघे घोळक्याच्या मागे जाऊन उभे राहिले. दोन मिनिटं ऐकल्यावर मंजूषाचा चेहरा बदलला. ती वाट काढत पुढे गेली, त्या बाईंच्या कोपराला हात लावून हळू आवाजात काही बोलली. बाईंनी मागे वळून श्रीहर्षकडे पाहिलं. मग त्या मंजूषाच्या कानाशी लागल्या.

मंजूषा परत आली. "श्रीहर्ष, जरा बाजूला ये. हे लोक कोण आहेत माहितीये का? ते—"

"शू! समजतंय मला. तू मध्ये बोललीस की माझा धागा तुटतो."

"अरे, पण ऐक तर—"

"मंजूषा, प्लीज."

मंजूषाने त्याच्याकडे क्षणभर पाहिलं. नंतर ती पुढे गेली आणि त्या बाईंच्या शेजारून चालू लागली.

"आता ऐका," श्रीहर्षने सासूसासऱ्यांना जवळ घेतलं. "हे घर आहे हेंकचं. हेंक म्हणून एक मोठा माणूस इथे होऊन गेला. वरच्या खोलीत राहायचा. सतराशे सत्याऐंशी साली."

बाई 'अठ्ठ्याहत्तर' म्हणाल्या होत्या. डचमध्ये आधी आठ म्हणतात आणि मग सत्तर. श्रीहर्षने ते उलटं धरून सत्याऐंशी केलं. शतक बाईंनी सांगितलंच नव्हतं. ते त्याने पदरचं घातलं.

"समुद्रावर काम करायचा," तो पुढे म्हणाला. "म्हणजे दर्यावर्दी. आरमारात असणार."

वासुदेवरावांनी वहीत लिहिलं, 'हेंक, दर्यावर्दी, इ.स. १७८७.' मग त्यांनी घराच्या दारावरची प्लॅस्टिकची बेल बघितली.

घोळका उतार उतरून बंदराच्या कडेला आला. पाऊस थांबला होता. एका लोखंडी खांबाशी बाई थांबल्या आणि पाण्याकडे हात करून त्यांनी एक लांबलचक किस्सा सांगितला. माणसं हसली. एका आजोबांनी डोळे पुसले.

"इथे फार वाईट घडलं," श्रीहर्ष गंभीर होऊन म्हणाला. "हेंकची कला इथे पाण्यात पडली."

"कला पाण्यात पडली म्हणजे?" कुमुदिनीबाईंनी विचारलं.

"चित्रं असणार. कुन्स्ट म्हणजे कला. बाई म्हणाल्या कुन्स्टखेबिट. खेबिट म्हणजे... संग्रह. सगळा चित्रसंग्रह बुडाला आणि हे लोक हसतायत बघा. यांना आपल्यासारख्या भावनाच नसतात."

कुन्स्टखेबिट म्हणजे कवळी. जोराची शिंक आली आणि हेंकची कवळी बंदरात पडली, असा तो किस्सा होता. वासुदेवरावांनी लिहिलं, 'चित्रकारही. संग्रह बंदरात बुडाला.' पुढे मंजूषा बाईंच्या कानात काहीतरी कुजबुजली. बाईंनी छत्रीची मूठ तोंडावर दाबली आणि त्यांचे खांदे हलू लागले. त्यांनी शेजारच्या आजोबांना काहीतरी सांगितलं, आजोबांनी पुढच्या बाईला, आणि हसू घोळक्यातून शेवटपर्यंत फिरून आलं.

"मंजूषा," श्रीहर्षने मागून आवाज दिला, "गाइडशी गप्पा मारत बसू नकोस. तिला तिचं काम करू दे."

आता त्याला चांगलाच जोर चढला होता. नुसतं ऐकून त्याचं समाधान होईना, प्रश्न विचारावासा वाटू लागला. पुढच्या चौकात बाई जरा थांबल्या तेव्हा त्याने हात वर केला आणि परीक्षेत बोलला होता तशा खणखणीत डचमध्ये विचारलं, "बाईसाहेब, हेंक आता कुठे आहे?"

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. मग खांद्यावरच्या निळ्या कापडी पिशवीवर त्यांनी हळूच तळवा ठेवला.

"इथे," त्या म्हणाल्या.

"इथेच आहे म्हणतात," श्रीहर्षने भाषांतर केलं. "म्हणजे या मातीत. लोकांच्या मनात." आणि परत बाईंना विचारलं, "आम्हाला बघायला मिळेल?"

"थोड्या वेळाने," बाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज मध्येच चिरकला. हसू होतं की रडू, ते श्रीहर्षला कळलं नाही. त्याने त्याचा विचारही केला नाही.

पुढचा रस्ता सपाट होता. कुमुदिनीबाई लेकीचा हात धरून चालत होत्या. बऱ्याच वेळापासून त्यांचं लक्ष त्या निळ्या पिशवीवर होतं.

"मंजू," त्या म्हणाल्या, "ती पिशवी त्या बाईंनी एकदाही खाली ठेवली नाही बघ. नाक पुसायला थांबल्या, तेव्हाही त्या आजोबांच्या हातात दिली. त्यांनीही छातीशी धरली. तुझ्या आजीला आम्ही नाशिकला घेऊन गेलो, तेव्हा गाडीत मी अशीच मांडीवर धरून बसले होते."

मंजूषाने मान डोलावली.

"त्यात अस्थी आहेत ना गं?"

"हो. हेंक त्यांचे मिस्टर. तरुणपणी इथे तेलाच्या विहिरीवर नोकरीला होते. त्यांची इच्छा होती म्हणून त्या घेऊन आल्यात. बाकीचे सगळे नातेवाईक."

वासुदेवराव मागून येत होते. त्यांनी कानटोपी काढून हातात घेतली. "मला त्या घरापाशीच शंका आली होती," ते म्हणाले. "पन्नास तरी शोकसभा केल्यात मी. मागच्या रांगेतले लोक कसे उभे राहतात ते ओळखू येतं. जावईबापूंना सांगितलंस का?"

"दोनदा सांगायला गेले. त्यांना समजतंय म्हणाले."

मुख्याध्यापकांनी थोडा विचार केला. "मग राहू दे. अशा ठिकाणी वाद घालू नये." आणि त्यांनी वहीतली सकाळपासूनची दोन्ही वाक्यं आडवी रेघ मारून खोडली.

धक्क्याच्या टोकाला एक जुनी लाकडी होडी उभी होती. बाईंनी होडीवाल्याला शिक्क्याचा एक कागद दाखवला. ते श्रीहर्षने बरोबर टिपलं.

"ग्रुप तिकीट! फ्योर्डमधली, डोंगरांमधल्या खाडीतली फेरी धरून आहे. चला चला, पुढची जागा पकडा." आणि मृताच्या सख्ख्या भावाला बाजूला सारून तो सगळ्यांच्या आधी होडीत चढला. होडीच्या नाकाशी, जिथून सगळं दिसतं, तिथे जाऊन बसला.

होडी निघाली. गाव मागे पडलं. थर्मासमधून कॉफी आणि डब्यातून केकचे काप फिरले. पहिला काप घेऊन श्रीहर्ष म्हणाला की केक कोरडा आहे. दुसरा घेतल्यावर म्हणाला की डच लोकांना केक जमतच नाही. तिसरा घेतला तेव्हा तो काही म्हणाला नाही, कारण तोंड भरलेलं होतं. मग त्याने सेल्फी काढायला घेतल्या. एका सेल्फीत मागे दोन वयस्कर बहिणी एकमेकींच्या खांद्यावर डोकं ठेवून रडत होत्या. त्या नीट याव्यात म्हणून त्याने फोन जरा तिरका धरला.

"जावईबापू, खाली बसा," वासुदेवराव म्हणाले. तो आवाज श्रीहर्षने त्यांच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. कराडच्या दोन पिढ्यांनी मात्र ऐकला होता. तो बसला.

दोन डोंगरांच्या मधल्या संथ पाण्यात होडी आली आणि होडीवाल्याने इंजिन बंद केलं.

"बंद पडली," श्रीहर्ष म्हणाला. "मला वाटलंच होतं."

बाईंनी मांडीवरची निळी पिशवी उघडली आणि आतून राखाडी रंगाचं, झाकणाचं एक भांडं काढलं. सगळे उठून उभे राहिले.

"आता दाखवतायत," श्रीहर्ष हळू आवाजात म्हणाला आणि फोन वर केला. "हेंकची वस्तू. मूळ आहे, बरं का."

बाई काठाशी गेल्या. खाली वाकून दोनतीन वाक्यं बोलल्या, आणि हात पाण्याला लागेल इतकं भांडं खाली नेऊन त्यांनी ते सावकाश कलतं केलं. राखेचा एक फिका पट्टा पाण्यावर पसरला, क्षणभर तसाच राहिला आणि मग खाली जाऊ लागला. कोणीतरी मोठा श्वास घेतला. श्रीहर्षने फोनवरून नजर काढून पाहिलं तर शेजारी सासू हात जोडून डोळे मिटून उभी होती. सासरेही.

"हे काय आहे?" त्याने मंजूषाला विचारलं.

"हेंक," मंजूषा म्हणाली.

श्रीहर्षचा फोन सावकाश खाली आला. सकाळपासूनचं एकेक त्याला आठवू लागलं आणि कुठे थांबावं ते त्याला कळेना. पळून जायची सोय नव्हती, चहूकडे पाणी होतं. हातात केकचा तुकडा होता. तो खाता येईना आणि टाकायचा तर समोर ते पाणी. शेवटी त्याने तो रेनकोटच्या खिशात घातला.

माणसं एकेक करून दोन शब्द बोलली. मग बाईंनी वासुदेवरावांकडे पाहिलं आणि आपणही बोलाल का, अशी मान केली. वासुदेवराव कानटोपी हातात घेऊन पुढे झाले आणि मराठीत बोलू लागले.

"मी हेंकरावांना ओळखत नव्हतो. पण आज सकाळपासून तुमच्या मागून चालताना एवढं कळलं की हे सगळेजण त्यांच्या आठवणीने हसतात, आणि हसता हसता रडतात. मी पुष्कळ माणसांना निरोप दिलाय. मागे असं हसू ठेवून जाणारे थोडे. आम्ही न बोलावता आलो, त्याबद्दल माफी असावी."

आता हे डचमध्ये कोण सांगणार? सवयीने सासूसासऱ्यांनी श्रीहर्षकडे पाहिलं. श्रीहर्षने तोंड उघडलं. 'मी ओळखत नव्हतो' एवढं आलं आणि पुढे सगळं कोरं. तेव्हा मंजूषा बोलली. न अडखळता, न आवाज चढवता, झोपाळलेल्या पोराची समजूत घालावी तशा मऊ डचमध्ये तिने वडिलांचं वाक्य न् वाक्य सांगितलं. मृताच्या भावाने चष्मा काढला. श्रीहर्ष बायकोकडे बघत राहिला. ती काय बोलतेय त्यातलं निम्मंच त्याला कळत होतं, आणि मूळ मराठी त्याने आत्ताच ऐकलं होतं.

परतीच्या वाटेवर तो नाकाशी बसला नाही. पार मागे, दोरखंडाच्या वेटोळ्याजवळ जाऊन बसला. कॉफीचा थर्मास आला तेव्हा नको म्हणाला.

धक्क्यावर उतरल्यावर सगळे जहाजाकडे निघाले. श्रीहर्ष मान खाली घालून कडेकडेने सटकायला बघत होता, पण बाईंनी त्याला गाठलं. त्यांनी त्याचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला आणि त्याच्या चेहऱ्याकडे बघत, एकेक शब्द सुटा करून त्या बोलू लागल्या. आणि दिवसभरात पहिल्यांदा श्रीहर्षला सगळंच्या सगळं डच कळलं.

"तुमच्या बायकोने पहिल्या पाच मिनिटांतच माझी माफी मागितली. मीच म्हटलं, राहू द्या त्यांना. तुम्ही मागे काय काय सांगताय, ते ती मला सांगत होती. माझा हेंक असाच होता. चाळीस वर्षं त्याने मला देशोदेशी फिरवलं, आणि एकही भाषा येत नसताना प्रत्येक ठिकाणी मला सगळं समजावून सांगितलं. एकदाही बरोबर नव्हतं. किती रागवायचे मी! तो गेल्यापासून चार महिने मी हसले नव्हते. आज तुम्ही विचारलंत ना, हेंक आता कुठे आहे, तेव्हा मला वाटलं, हा काय, माझ्या मागेच उभा राहून चुकीचं सांगतोय."

त्यांनी त्याच्या गालावर दोनदा थोपटलं आणि त्या छत्री टेकत पुढे निघून गेल्या.

कुमुदिनीबाई लंगडत जवळ आल्या. "काय म्हणाल्या हो बाई?"

श्रीहर्षने मंजूषाकडे पाहिलं. मंजूषा जहाजाकडे बघत उभी होती. तिचे ओठ घट्ट मिटलेले होते.

"आभार मानले," श्रीहर्ष म्हणाला. "आणि हवा चांगली मिळाली म्हणाल्या."

"एवढंच? केवढा वेळ बोलत होत्या."

"डच भाषाच तशी आहे, आई," श्रीहर्ष म्हणाला. "उगाच लांबण लावतात."